टीएस९ चं ८०८ केलं, तर आवाज नक्की कशानं बदलतो?

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे ना" जमतील तेवढे काढले आहेत. जिथं क्लिप वाजते तिथं कंसात तसं लिहिलंय.)

आजचा भाग गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलबद्दल आहे, आणि सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी एका मित्राकडून पंधराशे रुपये घेऊन त्याच्या पेडलमध्ये एक बदल करून दिला होता. त्या बदलानं आवाजात ऐकू येण्यासारखा काहीही फरक पडत नाही, हे मला सात महिन्यांनी कळलं.

मित्र हॉस्टेलचा. कॉलेजच्या बँडमध्ये तो लीड वाजवायचा, मी रिदम वाजवायचो आणि कार्यक्रम संपल्यावर केबली गुंडाळायचो. माझं बीटेक इलेक्ट्रॉनिक्सचं, नोकरी मात्र कोडिंगची. आपल्याकडे हे काही नवीन नाही. त्यामुळे घरात सोल्डरिंग आयर्न गरम झालं की मला चार वर्षांची फी वसूल झाल्यासारखं वाटतं. मित्र आता शनिवार-रविवारी पुण्यात एका बँडबरोबर वाजवतो. त्याची तक्रार साधी होती: "अरे, सोलोला गेलो की आवाज बारीक होतो. जरा जाड कर ना. सगळे म्हणतात ८०८ मॉड करून घे."

तर पेडल होतं आयबनेझचं टीएस९, म्हणजे ते हिरवं ट्यूब स्क्रीमर. हे सर्किट मूळचं जपानचं. निश्शिन ओन्पा नावाच्या कंपनीत सुसुमु तामुरा यांनी ते डिझाइन केलं. ही कंपनी मॅक्सन नावानं स्वतःची पेडलं विकायची आणि आयबनेझलाही बनवून द्यायची. सत्तरचं दशक संपता संपता टीएस८०८ आलं, मग १९८२ मध्ये टीएस९. टेक्सासचा ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन ही पेडलं वापरायचा, आणि तेव्हापासून जुन्या ८०८ ला पुराणवस्तूचा भाव आला. जुनं परवडत नाही, मग नव्या टीएस९ चं ८०८ करून घ्या, हा एक जगभर चालणारा उद्योगच आहे.

आता गंमत बघा. दोन्ही पेडलांची सर्किटं शेजारी शेजारी ठेवली तर जवळजवळ सगळं सारखं आहे. फरक आहे तो अगदी शेवटी, आउटपुटच्या तोंडाशी असलेल्या दोन रेझिस्टरांत. ८०८ मध्ये सिग्नलच्या वाटेत १०० ओहम आणि तिथून ग्राउंडला १० के. टीएस९ मध्ये वाटेत ४७० ओहम आणि ग्राउंडला १०० के. हे दोन बदलले की झालं ८०८. वर चिप बदलायची असेल तर ती वेगळी.

मी बुधवारात गेलो, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून रेझिस्टर आणले, घरी येऊन पेडल उघडलं. काढताना आयर्न जरा जास्त वेळ धरलं गेलं आणि एक पॅड बोर्डावरून उचकटला. तिथं तारेचा तुकडा टाकून जोड दिला, आणि मित्राला ते सांगितलंही नाही. संध्याकाळी तो आला, पेडल लावलं, एक ई कॉर्ड मारली आणि म्हणाला, "आईशप्पथ, काय वॉर्म झालंय रे!" आणि खोटं कशाला सांगू, मलाही वॉर्मच वाटलं. पंधराशे रुपये लगेच आले.

सात महिन्यांनी त्याच्याच बँडमधल्या दुसऱ्या गिटारिस्टनं तेच मॉड करून मागितलं. या वेळी म्हटलं, आधीचा आणि नंतरचा आवाज रेकॉर्ड करून ठेवू, एखाद्या भागात ऐकवता येईल. तिथंच सगळं फसलं.

वीस क्लिपा आणि एक नाणं

तुलना नीट करायची तर दोन्ही वेळा वाजवणं तंतोतंत तेच हवं. माणसानं दोनदा वाजवलं की पिकचा कोन बदलतो, जोर बदलतो. म्हणून मी गिटार एकदाच, पेडलशिवाय, थेट इंटरफेसमध्ये रेकॉर्ड केली. मग तेच रेकॉर्डिंग इंटरफेसच्या आउटपुटमधून गिटारच्या पातळीला आणून पेडलमध्ये सोडलं आणि पेडलमधून आलेलं पुन्हा रेकॉर्ड केलं. पेडल म्हणजे डॉट बोर्डवर बांधलेलं तेच सर्किट. शेवटच्या दोन रेझिस्टरांच्या जागी दुहेरी टॉगल स्विच टाकला: वर केला की ८०८, खाली केला की टीएस९. बाकी एकही गोष्ट बदलत नाही, नॉबला हातही लागत नाही.

(इथं दोन क्लिपा वाजतात. ए मायनरमधला तोच तुकडा, आधी टीएस९, मग ८०८.)

ऐकलंत? मी हेडफोन घालून, डोळे मिटून, खोलीतला पंखा बंद करून ऐकलं. मग धाकट्या बहिणीला बसवलं. तिला गिटारशी काही देणंघेणं नाही, हे तिथं फार उपयोगी पडलं. तिनं नाणं उडवायचं. छापा आला तर एक फाइल, काटा आला तर दुसरी. मी पाठमोरा बसून सांगायचं कुठली ते. वीस वेळा केलं. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. म्हणजे मीही नाणंच उडवत होतो, फक्त तोंडानं. नुसत्या अंदाजानं वीसपैकी पंधरा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण दोन टक्के असते. तेवढी आली असती तर म्हटलं असतं, काहीतरी ऐकू येतंय.

मग मुकाट्यानं कागद घेतला आणि जे सात महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते गणित केलं. वाटेत एक रेझिस्टर आणि ग्राउंडला दुसरा, हा साधा व्होल्टेज डिव्हायडर, बारावीच्या फिजिक्सचा. ८०८ मध्ये १०० आणि १०,०००: सिग्नलचा ९९.० टक्के भाग पुढे जातो. टीएस९ मध्ये ४७० आणि १,००,०००: ९९.५ टक्के. फरक डेसिबलमध्ये काढला तर ०.०५ च्या आसपास. एवढा फरक व्हॉल्यूमच्या नॉबला धक्का लागूनही पडतो.

बरं, आवाजाची पातळी सोडा, टोन तरी बदलतो का? आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. तो आणि ८०८ चा १० के मिळून खालचे सूर कापतात ते १.६ हर्ट्झच्या खाली. आपल्याला २० च्या खाली ऐकू येत नाही. वरच्या बाजूला ४७० ओहम आणि सहा मीटर केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल कापतात ते पाच लाख हर्ट्झच्याही वर. वटवाघळालासुद्धा त्याचं काही नाही.

मग आम्हाला दोघांना वॉर्म कशामुळे वाटलं? एक तर मध्ये चार दिवस गेले होते. चार दिवसांपूर्वीचा आवाज कानात जसाच्या तसा राहत नाही, राहते ती त्याबद्दलची आपली तक्रार. दुसरं, पेडल पुन्हा जोडताना नॉब काढून बसवले होते; ड्राइव्हचा काटा बाराला दिसला तरी आतला पॉट तिथंच असेल याची काय खात्री? तिसरं म्हणजे पंधराशे रुपये. देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही त्या रकमेचा काहीतरी आवाज ऐकू यायलाच हवा होता. आम्ही ऑफिसात हेच करतो खरं तर. कोडमध्ये दोन ओळी बदलायच्या, सर्व्हर नव्यानं चालू करायचा आणि मोजमाप न करता म्हणायचं, "आता फास्ट वाटतंय."

चिपचंही सांगून टाकतो, कारण मेलमध्ये सगळ्यात जास्त तेच येतं. जेआरसी४५५८डी, जुन्या ८०८ मधली नावाजलेली ऑप-अँप. ती हवी म्हणून लोक जुनी पेडलं मोडतात. या चिपचा गेन-बँडविड्थ गुणाकार साधारण ३० लाख हर्ट्झ आहे. पेडल जास्तीत जास्त ११८ पट वाढवतं, म्हणजे तेव्हाही चिप २५ हजार हर्ट्झपर्यंत पोचते. गिटारच्या स्पीकरमधून सहा-सात हजारांच्या वर फारसं काही बाहेरच पडत नाही. मी सॉकेट लावून तीन वेगळ्या चिपा घालून पाहिल्या. मला फरक ऐकू आला नाही. तुम्हाला येत असेल, तर कुणालातरी नाणं उडवायला बसवा एवढंच म्हणेन.

मग आवाज बारीक का होत होता?

मित्राची तक्रार खोटी नव्हती. मी तिचं कारणच शोधलं नव्हतं, सरळ औषध दिलं होतं. आता कारण बघू. इथं जरा सावकाश जातो, कारण अख्ख्या पेडलचा जीव या एका ठिकाणी आहे.

गिटारचा सिग्नल आत येतो, एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून जातो आणि ऑप-अँपच्या पहिल्या भागाकडे येतो. हा भाग सिग्नल वाढवतो. किती वाढवतो हे दोन गोष्टींवर ठरतं: आउटपुटपासून मागे इन्व्हर्टिंग पिनकडे येणारा रेझिस्टन्स, आणि त्या पिनपासून ग्राउंडला जाणारा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, एक मिळवा, तो गेन. मागे येणाऱ्या वाटेवर ५१ के आणि त्याच्या जोडीला ५०० के चा ड्राइव्ह पॉट. ग्राउंडच्या वाटेवर ४.७ के. म्हणजे ड्राइव्ह शून्यावर असताना जवळपास १२ पट, पूर्ण असताना ११८ पट.

सिंगल कॉइल पिकअपवर तार जोरात छेडली की शंभर मिलिव्होल्ट सहज येतात. त्याचे ११८ पट म्हणजे जवळजवळ १२ व्होल्ट, आणि बॅटरी तर ९ ची. पण तिथवर गोष्ट जातच नाही. मागे येणाऱ्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड एकमेकांकडे पाठ करून बसलेत. व्होल्टेज अर्धा-पाऊण व्होल्टच्या आसपास गेलं की ते वाहू लागतात, रेझिस्टन्स कमी होतो आणि गेन तिथल्या तिथं पडतो. लाटेचा माथा कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा सपाट होत नाही, दाबल्यासारखा गोल होतो. प्रोको रॅटसारख्या पेडलांत डायोड ऑप-अँपच्या पुढे, थेट ग्राउंडला जोडलेले असतात. तिथं माथा खरंच तुटतो, म्हणून ते जास्त खरखरीत.

आणखी एक बारकावा. या रचनेत गेनच्या सूत्रातला तो "एक मिळवा" फार महत्त्वाचा. डायोडांनी कितीही दाबलं, तरी मूळ सिग्नल एक पटीनं बाहेर येतोच, दाबलेल्या सिग्नलमध्ये मिसळलेला. म्हणून ट्यूब स्क्रीमरवर हळू-जोरात वाजवलेलं कळतं, बोटं ऐकू येतात.

आता मुद्द्याचा भाग. ग्राउंडच्या वाटेवर ४.७ के च्या जोडीला एक कपॅसिटर आहे, ०.०४७ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटर खालच्या सुरांना अडवतो. सूर जितका खाली, तितका त्याचा विरोध जास्त. विरोध वाढला की भागाकार लहान, म्हणजे गेन कमी. ४.७ के आणि ०.०४७ यांचा सांधा पडतो ७२० हर्ट्झला. त्याच्या वर पूर्ण गेन, खाली घसरगुंडी.

आकडे घालून बघा. ड्राइव्ह पूर्ण. १,००० हर्ट्झला गेन सुमारे ९५ पट. ४४० च्या ए ला सुमारे ६१ पट. आणि सगळ्यात जाड तारेच्या उघड्या ई ला, म्हणजे ८२ हर्ट्झला, फक्त १३ पट. जाड तारेचा मूळ सूर जवळजवळ स्वच्छ जातोय आणि मधले सूर डायोडांवर जाऊन आपटतायत. लोक म्हणतात ट्यूब स्क्रीमर बेस कापतं. कापत नाही, बेसला वाढवायचं नाकारतं.

त्यानंतर टोनचा भाग येतो. तिथं १ के आणि ०.२२ मायक्रोफॅरड मिळून पुन्हा ७२० च्या आसपासच वरचे सूर उतरवायला लागतात. एकीकडून खालचे मागे पडले, दुसरीकडून वरचे उतरले, मध्ये उरला तो उंचवटा. ट्यूब स्क्रीमरचा तो नाकातला, पुढे घुसणारा आवाज म्हणजे हा उंचवटा. आणि मित्राला सोलोत बारीक वाटत होतं ते यामुळेच. गिटारच्या बाराव्या फ्रेटवरचा वरचा ईसुद्धा ६५९ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचे बहुतेक सगळे सूर घसरगुंडीवरच होते.

पाच रुपयांचा कपॅसिटर

मी त्याला फोन केला, सगळं सांगितलं आणि यूपीआयवर पंधराशे परत पाठवले. उचकटलेल्या पॅडचंही सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण मला तर फरक ऐकू आला होता." म्हटलं, मलाही आला होता. घरी आला, नाण्याचा खेळ खेळला, वीसपैकी नऊ. हजार रुपये त्यानं परत पाठवले. पाचशे कशाचे ठेवलेस विचारलं तर म्हणाला, पॅडचे.

मग आम्ही तो कपॅसिटर बदलायचं ठरवलं. बदलायचं म्हणजे काढायचा नाही. हे नीट ऐका, कारण पॅड उचकटल्यावर आलेली अक्कल आहे: कपॅसिटर समांतर जोडले की त्यांच्या किमतींची बेरीज होते. म्हणून जुना तसाच ठेवायचा आणि बोर्डाच्या खालच्या बाजूनं त्याच्याच दोन पायांवर नवा चिकटवायचा. आवडलं नाही तर दोन ठिपके वितळवले की पेडल पूर्वीसारखं.

तो सापडायचा कसा? बोर्डावर छापलेल्या नंबरांच्या भरवशावर राहू नका, ते आवृत्तीप्रमाणे बदलतात. आठ पायांची चिप शोधा, तिच्या ज्या आउटपुट आणि इन्व्हर्टिंग पिनांमध्ये डायोड बसलेत ती जोडी शोधा. १ आणि २ तरी असेल, नाहीतर ७ आणि ६. त्या इन्व्हर्टिंग पिनपासून मल्टिमीटरनं ४.७ के चा रेझिस्टर गाठा (पिवळा, जांभळा, लाल). त्याच्या पलीकडे जो कपॅसिटर ग्राउंडला जातो तो आपला. त्यावर बहुधा ४७३ लिहिलेलं असतं. दुकानात फिल्म किंवा पॉलिस्टर मागा. १०४ म्हणजे ०.१, ४७३ म्हणजे ०.०४७. स्वस्तातल्या नकली पेडलांत आजकाल सगळे भाग तांदळाच्या कण्यांएवढे, बोर्डावर सपाट चिकटवलेले असतात. पहिलाच प्रयोग असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि काही करण्याआधी बॅटरी काढा, अ‍ॅडॉप्टर उपटा.

आम्ही १०४ लावला. बेरीज ०.१४७, सांधा ७२० वरून २३० हर्ट्झवर आला. आकडे पुन्हा बघा: ए ला ६१ होते ते १०४ झाले, उघड्या ई ला १३ होते ते ४०.

(इथं दोन क्लिपा. तोच ए मायनरचा तुकडा, आधी मूळचा, मग १०४ लावून. दोन्हींची पातळी जुळवून घेतली आहे.)

हा फरक ऐकायला नाणं लागत नाही. बहिणीलासुद्धा कळला, म्हणाली, "दुसऱ्याला सर्दी कमी आहे." खरंच, नाक मोकळं झाल्यासारखा आवाज. मित्र खूश. रात्री साडेअकरापर्यंत वाजवत बसला, खालच्या काकूंचा फोन येईपर्यंत.

शनिवारी जॅम रूममधून त्याचाच फोन: "हे काय करून ठेवलंयस?"

मी गेलो तिथं. एकट्यानं वाजवताना जो आवाज भरलेला वाटत होता, तो ड्रम आणि बेस गिटार सुरू झाल्यावर नुसता लगदा. पाम म्यूट केलं की "धग् धग्" च्या जागी "भुर्र". सोलो तर दिसेचना. गिटारिस्ट हात हलवतोय एवढंच कळत होतं. कारण उघड होतं, पण ते माझ्या खोलीत कळण्यासारखं नव्हतं. एक म्हणजे बेस गिटारची जागा तीच. दुसरं म्हणजे डायोडांचं वागणं. जाड तारेची लाट मोठी असते. तिला चाळीस पट वाढवलं की ती एकटीच डायोड उघडून बसते, आणि त्याच वेळी वाजणाऱ्या वरच्या तारांची बारीक हालचाल तिच्या माथ्याबरोबर दाबली जाते. मूळ सर्किटमध्ये खालच्या सुरांना गेन मुद्दामच दिलेला नाही, म्हणून कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मेटल वाजवणारे हेच पेडल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून आधीच तापलेल्या अ‍ॅम्पच्या आधी लावतात ते याच साठी. त्यांना त्यातून डिस्टॉर्शन नको असतं, खालचा पसारा आवरून हवा असतो.

म्हणजे मित्र ज्याला दोष म्हणत होता, ते या पेडलचं कामच होतं. घरात बारीक, बँडमध्ये बरोबर. तामुरांच्या ७२० ला मी तेव्हा मनातल्या मनात नमस्कार केला.

पण त्याला घरीही वाजवायचं असतं, आणि एक-दोन संथ गाणी अशी आहेत की ज्यांत बेस कमी आहे. म्हणून शेवटी स्विच बसवला. या वेळी १०४ नाही, आणखी एक ४७३. बेरीज ०.०९४, सांधा बरोबर अर्ध्यावर, ३६० हर्ट्झ. स्विच खाली असेल तर पेडल मूळचं, वर केला तर थोडं जाड.

पहिल्यांदा स्विच दाबला तेव्हा स्पीकरमधून असा "धप्प" आवाज आला की ड्रमर उठून उभा राहिला. चूक माझी. त्या वाटेवर कपॅसिटरला कायम साडेचार व्होल्ट असतात, कारण पेडल ९ व्होल्टच्या मध्यावर चालतं. स्विच बंद असताना नवा कपॅसिटर रिकामा लोंबकळत होता. दाबल्याबरोबर तो एकदम भरला आणि तो झटका गेन होऊन बाहेर आला. उपाय सोपा: स्विचच्या दोन टोकांवर १ मेगओहमचा रेझिस्टर. त्यातून कपॅसिटर गुपचूप भरलेला राहतो, आणि एवढ्या मोठ्या रेझिस्टन्समधून आवाजावर काही परिणाम होत नाही. हे आधी करा, ड्रमरशी संबंध चांगले राहतील.

डायोड बदलायचे असतील तर

हे थोडक्यात. सिलिकॉन डायोडांच्या जागी लाल एलईडी लावले की दाबायची मर्यादा साधारण १.७ व्होल्टवर जाते. आवाज मोठा होतो, दाब कमी, बोटांना जास्त प्रतिसाद. फरक खरा आहे. पण तुलना करताना लेव्हल कमी करून दोन्ही सारखे करा, नाहीतर मोठा आहे म्हणूनच तो चांगला वाटेल. कान तिथं हमखास फसतात. मी पातळी जुळवल्यावर निम्मी जादू गेली, निम्मी राहिली. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले की लाट वरून-खालून असमान दाबली जाते आणि सम हार्मोनिक येतात. बॉसच्या एसडी-१ ची रचना अशीच आहे. तो फरक आहे, पण बारीक.

आणि एक मोजमाप, जे मी सुरुवातीला केलं असतं तर हा भागच झाला नसता. माझ्याकडच्या डबीतले ४७३ लिहिलेले दहा कपॅसिटर मीटरवर मोजले. दोन सारखे निघाले नाहीत. असे कपॅसिटर दहा-वीस टक्के इकडेतिकडे असणं हे दर्जाप्रमाणे चालतं. वीस टक्के धरले तर ७२० चा सांधा ६०० ते ९०० पर्यंत कुठंही पडतो. म्हणजे एकाच पेटीतून काढलेल्या दोन टीएस९ मध्ये, टीएस९ आणि ८०८ च्या त्या दोन रेझिस्टरांपेक्षा जास्त फरक असू शकतो. कुणाचं जुनं ८०८ खरंच सुंदर वाजत असेल तर त्याचं कारण मी आधी इथं शोधेन.

राहिला तो दुसरा गिटारिस्ट, ज्याच्या मॉडमुळे हे सगळं सुरू झालं. त्याला मी बोलावलं, सर्किट दाखवलं, ०.०५ डेसिबलचं गणित मांडलं, वीस क्लिपा ऐकवल्या. त्याची दहा उत्तरं बरोबर आली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर आहे दादा तुमचं. पण तुम्ही ८०८ करूनच द्या."

दिलं करून. पैसे दोन रेझिस्टरांचे घेतले, आणि या वेळी पॅड उचकटला नाही. भेटू पुढच्या भागात.